स्क्रिप्टमधली थांबायची ओळ

चेन्नई, १४ ऑगस्ट २००५, रविवार संध्याकाळ

आज शेवटी ती ओळ काढली. कॉम्प्युटरवरची सगळी लिनक्स मूळ कोडपासून स्वतः कंपाइल करायची हा नाद माझ्या रूममेटचा, मेधाचा. स्क्रिप्ट मात्र आम्ही दोघींनी लिहिली, शोळिंगनल्लूरच्या याच खोलीत. लिनक्सचा एकेक भाग, एकेक पॅकेज, तयार झालं की स्क्रिप्ट थांबायची आणि खालच्या घरमालकीण मामींसारखं विचारायची, "काप्पी आच्चा?" कॉफी झाली का? दोघींनी कॉफी घेऊन एंटर दाबल्याशिवाय पुढचं पॅकेज नाही.

मी चिडायचे. "ऑटोमेशन म्हणतेस आणि माणूस बसवून ठेवतेस?"

"मग बस की जरा. रविवारी तुला कसली घाई?"

मेधा पुण्याला परत गेली त्याला चार महिने झाले. फोनवर हल्ली नुसतं ऑफिसचं बोलतो.

सकाळी ओळ काढून स्क्रिप्ट लावली आणि बाहेर पडले. तिरुवल्लिकेणीत जेवले, उगाच समुद्रावर बसले. परत येते तर सगळी पॅकेजेस तयार, एकही एरर नाही. हेच हवं होतं ना मला? मग असं रिकामं का वाटलं?

ओळ परत घातली. पुन्हा पहिल्यापासून लावली. पहिलं पॅकेज मघाशीच झालं, स्क्रीनवर तोच प्रश्न आहे.

मामींना रोज, कॉफी झाली नसली तरी, खुशाल "झाली" म्हणून सांगते. इथे एंटर दाबवत नाही.