सुरईला कुकरचा शेक

७ डिसेंबर २००८, रविवार

ऋजुताचा फोन. नात एडिंबरोला शिकायला गेल्यापासून आधी तिच्या झाडांची चौकशी, मग माझी. "आजी, सुरई कशी आहे?" आणि मग, "तू कसा आहेस?" इथेच वाढलेली, तिच्या मराठीत बाई-पुरुष एकच. मी म्हटलं, दोघी ठणठणीत.

सुरई हे नाव माझं. खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही. पानाच्या टोकाला दोरी, दोरीला गडू लटकतो, गडूवर झाकण. माशी गोडाच्या वासाने येते, आत घसरते, संपली. जन्मभर अंड्याला हात लावला नाही आणि म्हातारपणी सांभाळते काय, तर माशा खाणारी झाडं. देवरुखला कुणाला सांगितलं तर हसून हसून पडतील.

जेवताना यतीन म्हणाला, "आई, या थंडीत सुरई टिकली तर ग्रीनहाऊस राहील. गेली तर मार्चमध्ये पाडायचं. मागे बांधायचंय आम्हाला. ऋजुतालाही सांगितलंय."

काय बांधायचंय ते विचारलं नाही. किचन मोठं हवं असेल सूनबाईला, सीमाला. आहे त्यात ती दिवसाला एक भाजी करते!

मला काळजी नाही. माझी आई बाळंतिणींना शेक द्यायला जायची, मी शेगडी धरून मागे. शाळा तिसरीत सुटली ती त्यापायी. पण खोलीत वारा कुठून शिरतो ते मला गालाला कळतं. हे काचेचं घर म्हणजे दुसरं काय, बाळंतिणीची खोली.

११ डिसेंबर

काचांना आतून फुगेवालं प्लास्टिक लावलं, पार्सलात येतं ते. फोडायला फार मजा येते. सीमा म्हणाली, "आई, लावायचंय ना, की फोडायचंय?" दाराच्या फटीला जुनी गोधडी. मध्ये हीटर. सुरईला उचलून घरात आणता येत नाही, ती छताच्या सगळ्या पट्ट्यांना विळखा घालून बसलीय. मग घरच गरम करायचं.

पाणी पिंपातलं, पावसाचं. नळाचं तिला बाधतं. इथल्या वॉटफर्डच्या नळाचं मलाही बाधतं, पण मला कोण विचारतं. चहावर साय येते नुसती.

१६ डिसेंबर

जबडेवाला, म्हणजे तिचं दुसरं झाड, माशी बसली की पान जबड्यासारखं मिटणारं, काळा पडतोय. हीटरजवळ सरकवला.

२० डिसेंबर

ऋजुता आली सुट्टीला. बॅग खाली ठेवली नाही, तशीच मागे. मी चहा घेऊन गेले तर जबडेवाल्यापुढे कपाळाला हात लावून उभी.

"आजी, ह्याला हीटर कुणी दिला?"

"मी. गारठलाय बिचारा."

"गारठला नाही, आजी. तो झोपली आहे! विंटरमध्ये ह्याला कोल्डच पाहिजे. नाहीतर मरेल." म्हणजे सुरई गरम देशातली, तिला ऊब हवी. जबडेवाला थंडीत झोपतो, त्याला नुसतं गोठू द्यायचं नाही, बास. मी त्याला बाळंतीण समजून शेकत बसले होते, आणि त्याला हवी होती झोप.

मी म्हटलं, अगं, देवसुद्धा चार महिने झोपतात, हा झोपला तर काय झालं. आधी सांगायचंस. ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे. तुला सगळी माहीत असते." मग काय, रागवायचं राहूनच गेलं.

दोघींनी मिळून मध्ये पडदा लावला. दाराकडची बाजू जबडेवाल्याची, आतली सुरईची. पडदा माझ्या जुन्या लुगड्याचा.

४ जानेवारी २००९

ऋजुता गेली. आता ईस्टरला. जाताना सुरईला टाटा केला, मला मिठी मारली. मिठी जास्त वेळ होती, मी बघत होते.

जिन्यावरून सोडायला खाली उतरले तर सीमा, "आई, सावकाश." ही बाई सारखी माझ्या पायांकडेच बघत असते. पायात काय सोनं आहे?

२ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायला हात दुखतोय, पण लिहिणार.

सकाळी उठले तर सगळं पांढरं. इतका बर्फ इथे बघितला नव्हता. ट्रेन बंद, बस बंद, दोघंही घरी. यतीन लहान मुलासारखा खूश. दुपारी गल्लीभर वीज गेली आणि हीटर थंड.

यतीनने कंपनीला फोन लावला. म्हणाले, संध्याकाळ होईल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, जाऊ दे. तू केलंस तेवढं खूप केलंस."

मी म्हटलं, गॅस चालू आहे ना? मग काडी दे.

माझा मोठा कुकर, छोटा, आणि सीमाच्या लग्नातला, जो ती कधी काढत नाही. तिन्हीत पाणी, शिट्टी होऊ दिली, गोधडीत गुंडाळले आणि मागे नेऊन सुरईखाली ठेवले. शिट्टी उचलली की भस्सकन वाफ. अशी वाफ तिला आवडते, ऋजुतानेच सांगितलं होतं. एक गार झाला की दुसरा. पहिल्या खेपेला मागच्या पायरीवर पाय सटकला, पण सीमाने धरलं. मला म्हणाली, "तुम्ही आत व्हा. गॅस सांभाळा." आणि गमबूट घालून स्वतः कुकर न्यायला लागली. ग्रीनहाऊस पाडायला निघालेली तीच ना ही? यतीन मागून हसत, "सीमा, भात झाला का गं सुरईचा?" ती म्हणाली, "तू गप्प बस आणि दार लाव, वारा शिरतोय." हे वाक्य माझं आहे.

अंधार पडताना वीज आली. पाठ गेलीय. पण मजा आली.

३ फेब्रुवारी

सीमाच सकाळी पहिली मागे जाऊन आली. बर्फ झटकत म्हणाली, "दोन गडू काळे पडलेत, आई. पण शेंडा हिरवा आहे." शेंडा हिरवा म्हणजे झालं.

१ मार्च

नवीन पानाच्या टोकाला इवलासा गडू. झाकण मिटलेलं. यतीनला हाताला धरून नेऊन दाखवला. म्हणाला, "जिंकलीस. राहू दे ग्रीनहाऊस." फोनवर ऋजुता एवढी ओरडली की कानाचं मशीन काढावं लागलं.

१४ मार्च, शनिवार

बांधकामवाला सरदारजी आला. ग्रीनहाऊस ठेवून बाजूला जागा निघते का ते बघायला. टेप लावून मोजमोज केली, मान हलवली. मी त्याला चहा नेला तर म्हणतो, "माताजी, हाथ ज़रा सामने कीजिए." आणि माझ्या मनगटाची उंची मोजली.

मी म्हटलं, ये क्यों?

"बाथरूम का हैंडल, माताजी. पकड़ के बैठने का. आपके कमरे में."

सीमाला विचारलं. ती आधी भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "खाली तुमची खोली करणार होतो, आई. शेजारी बाथरूम. जिना नको म्हणून. आधी सांगितलं तर तुम्ही नकोच म्हणाल, म्हणून बोललो नाही." हात पुसत म्हणाली, "तो म्हणतो, बाजूला बसत नाही. ग्रीनहाऊसच्याच जागी होईल."

१५ मार्च

यतीनला सांगितलं, दिलेला शब्द फिरवायचा नाही. माझी खोली वर आहे ती छान आहे, आणि जिना मी रोज चढतेच की.

दोघं बाजारात गेल्यावर जिना बसून उतरले, एकेक पायरी. चांगलं जमतं. मधल्या पायरीवर जरा दम खायला थांबलं की खिडकीतून सुरई दिसते. उभ्याने उतरताना हे कधी लक्षातच आलं नव्हतं.