एक कोटी एकोणऐंशी

३ जून, मंगळवार

तीनाने भाग गेला! इतक्या सहज!

परळला दौलतच्या शाळेत, गणिताच्या वर्गाबाहेर, त्याच्या नावाची पाटी लागणार आहे. तो जाऊन वर्ष होईल ना. तिच्यावर कोरायला मी आमची संख्या काढून ठेवली — १,००,००,०८९. आकांक्षाने कागद पाहिला. "आई, अंकांची बेरीज अठरा. म्हणजे तीनाने जातोच, नऊनेही. ही कसली मूळ संख्या?"

माझी लेक. बापावर गेलीय.

लग्न ठरलं तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दौलतने ती मला दिली होती. दागिना द्यावा तशी. "चारशे सेहेचाळीस भागाकार केलेत. कशानेच भाग जात नाही. तुझ्यामाझ्यात पण कुणी येणार नाही." शेवटी ८९ — आमच्या लग्नाचं साल! किती हरखले होते मी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेल्या क्रॉस-स्टिचने ती भरली, चौकटीत घातली. छत्तीस वर्षं पलंगाच्या वर आहे.

बेरीज कधी केली नाही. कशाला करीन?

४ जून

एकही भागाकार केला नसणार त्याने. मग आणखी काय काय नुसतंच बोलला असेल?

७ जून, शनिवार

करी रोडहून सुभद्रा आली, दौलतची धाकटी बहीण. तिला सांगितलं तर उसळलीच. "दादा आणि खोटं? वहिनी, त्याच्या भागाकाराच्या पाट्या मी पुसून द्यायची! एक कोटी एकोणऐंशी — झोपेतसुद्धा सांगेन."

"तेच तर लिहिलंय."

कागद बघून हसत सुटली. "अगो बाय! हे तर एकोणनव्वद! एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी-नाइन, मेमसाब!"

ऐंशी ऐकलं की एटी. त्याला नऊ जोडले. कॉन्व्हेंटचं मराठी माझं! आकांक्षाने फोनवर पाहिलं — शेवटी ७९ असलेली खरंच मूळ संख्या आहे. रडले. त्याची माफी मागितली, मोठ्याने.

८ जून

पण त्याला दिसत नव्हतं का? गणिताचा मास्तर. रोज त्या चौकटीखाली झोपायचा!

९ जून, सोमवार

बुद्धभूषणचा फोन. दौलतचाच विद्यार्थी, आता तिथला मुख्याध्यापक. पाटीवर नक्की काय कोरायचं, विचारत होता. माझी चूक सांगितली तर हसला. "माहीत आहे, मॅडम. दर जूनला पहिल्या तासाला सर दोन्ही फळ्यावर लिहायचे. 'ही माझी, हिला भाग जात नाही. ही बायकोची — या, कुणीही भाग द्या!' सगळा वर्ग हसायचा."

सगळा वर्ग. दर जूनला, तीस वर्षं. लालबागच्या बाजारात "नमस्कार मॅडम" म्हणून माझी पिशवी उचलणारी ती सगळी पोरं. मीच एकटी वर्गाबाहेर.

"घरी सांगू नका हां" — असंही म्हणायचा म्हणे.

११ जून

बुद्धभूषणला कळवलं. पाटीवर ०८९चीच कोर. खाली सरांचं नाव नको. माझं घाल — पूर्ण, लग्नाआधीचं.