निळी पॅन्ट व इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण वैतागलेल्या अवस्थेत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझी साखर सात वर्षे आटोक्यात असल्याचे कागदही जोडले आहेत. ते कोणी मागितले नव्हते, तरी वाचावेत.

१. दुकान, मागची खोली, दोन्ही मशिन आणि कापायचे टेबल माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावे. तो शिवत नाही, ऑफिसात बसतो. पाहिजे तर भाड्याने द्यावे. यावर एक अट आहे, ती कलम पाचमध्ये येईल.

२. मोठी कात्री माझ्या नवऱ्याची. तो कापायचा, मी शिवायची. ती सुनेला द्यावी. घरात धड ऐकणारी तीच एक आहे. या कात्रीने कागद कापल्यास मला वर त्रास होईल. बँकेतली शिल्लकही तिचीच.

३. माझ्या नणंदेला रसाची गाळणी परत करावी. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सारखी तहान लागते, रात्रीतून चारदा उठावे लागते, हे पाहून तिने "उष्णता आहे" असा निकाल दिला आणि आठ महिने कडू पाल्याचा रस पाजला. तपासणीचे नाव काढले की रुसायची. तिला गाळणीखेरीज काही देऊ नये.

४. मापांची वही. सगळा राग नणंदेवर काढून भागणार नाही, म्हणून माझा वाटा लिहिते. त्या वर्षी नवऱ्याच्या पॅन्टी मी तीनदा आवळल्या. कंबर छत्तीस होती. मग पस्तीस, मग साडेतेहेतीस, मग बत्तीस. जेवण तर वाढले होते. दुसरी कोणी असती तर घाबरली असती. मी शिंपीण, मी टाचण्या लावल्या. वर गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायची, बघा, या वयात कसा सडपातळ झालाय.

तपासले तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नवरा मात्र सगळ्यांना सांगत फिरे, "थोडीशीच आहे हो, बॉर्डरवर." बॉर्डर म्हणजे कापड संपते ती जागा, हे मी एका कापणाऱ्याला समजावून सांगायचे! बरे वाटले की गोळ्या बंद. एक दिवस दुकानातली टाचणी त्याच्या टाचेत घुसली आणि त्याला दिवसभर कळलेच नाही. संध्याकाळी मोजा काढताना रक्त मी पाहिले. जखम भरली नाही. आधी पाऊल गेले, मग तो गेला. मला त्याची अजून रोज आठवण येते, आणि रोज रागही येतो.

टाचण्या गोळा करायचे लोहचुंबक आणि ज्यात मी रोज पायाचे तळवे बघते तो हातआरसा मुलाला द्यावा. पुढे सुईचे भोक मला पुसट दिसू लागले, तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात गेले नाही, थेट तपासणीला रक्त दिले. तेव्हापासून वेळेवर गोळी, जेवणानंतर चालणे, दर तीन महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा डोळे. त्याला मर्दुमकी लागत नाही, घड्याळ लागते.

५. निळी पॅन्ट. ही मुलाची असून तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे. "आई, एवढी आवळून दे गं, घसरतेय."

"मागच्याच महिन्यात आवळली की!"

"लोक बारीक व्हायला जिम लावतात, मी फुकटात होतोय. तुला त्याचं पण वाईट वाटतं?" एवढे बोलेपर्यंत त्याने पाण्याची अख्खी बाटली संपवली. मोबाइल हात लांब करून वाचतो. जेवला की खुर्चीतच डुलकी. बोटाला कापले ते महिना झाला तरी ओलेच. विचारले की "ऑफिसचं टेन्शन."

तो गेल्यावर मी वही उघडली. त्याच्या पानावर छत्तीस, पस्तीस, साडेतेहेतीस. बापाच्या पानावर तेच आकडे, याच क्रमाने. पुढचा मला पाठ आहे. तो मी लिहिणार नाही आणि पॅन्टही आवळणार नाही. रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात पडेपर्यंत कलम एक लागू होणार नाही. मला मुलगा हवा आहे, वारस नको.

६. हे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच, येत्या रविवारी सकाळी सात वाजता, सर्वांसमोर मुलानेच मोठ्याने वाचावे. वकील म्हणाले, "अहो, अशी पद्धत नाही." मी म्हटले, मेल्यावर वाचून कोणाचे रक्त तपासणार? प्रसंगाचे गांभीर्य राहावे म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणानंतर कोणी काही खाऊ नये, चहासुद्धा नाही, असे सुनेला बजावले आहे. त्या दिवशी मुलाने मी दिलेला नवा पांढरा शर्ट घालावा.

७. बाळा, इथपर्यंत वाचलेस ना? मग आता डावी बाही वर कर. ती मी मुद्दाम सैल शिवली आहे.

ठिकाण : कापायचे टेबल
दिनांक : शुक्रवार, ९ तारीख
सही : आई

साक्षीदार १ : समोरचा बटणवाला. वाचून सही केली. स्वतःचीही तपासणी करून घेणार आहे.
साक्षीदार २ : कोपऱ्यावरच्या लॅबमधली रक्त घेणारी. रविवारी सातला हजर, पेटीसह.