एडनचं झाड फुललं

दरेकसा, चैत्र शुद्ध सप्तमी, सन १९४६

भोजराजच्या बाबाले रुख्मिणीचा पायावर डोस्कं ठेवून नमस्कार.

आपली लेक शामकला आता बाळंतिणीच्या खाटेवरून उठून हिंडून राहिली. नात अगदी तुमच्यावर गेली, भूक लागली का घर डोक्यावर घेते. तिले मांडीवर घेऊनच लिहून राहिली, म्हणून अक्षर वाकडं.

आता खरी खबर आयका. भोजराजनं सुटीत एडनहून आणलेलं झाड फुललं! गुलाबी, अकरा फुलं. टेसनमास्तरची बायको दोनदा पाहून गेली.

तुमी तुळशीसारखं रोज आंघोळ करून त्याले लोटाभर पानी घालत होते. मी म्हटलं, "काऊन घालता? ते रेतीतलं झाड आहे." आयकाल तं शपथ! कांद्यासारखं फुगलेलं बुड सडलं. इथं आणून मी सडका भाग इळ्यानं कापला, राख लावली, आठ दिवस सावलीत वाळवलं, मंग नाल्याच्या रेतीत लावलं. आता कुंडी कोरडीठाक झाल्याबिगर थेंब देत नाही.

तुमचा खोकला कसा आहे? एडनहून पोराचं पत्र आलं का? दोन महिने झाले. झाड जगलं तं पोरगं खुशाल, असं मी मनात धरलं होतं. कोणाले सांगू नका.

मी निघाली तवा तुमी साऱ्यांसमोर म्हटलं होतं, "हा सडका कांदा फुलला तं मी सौंदड टेसनावरून घरापर्यंत डोक्यावर आणीन." सोमवारी सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. चुंबळ घेऊन या. बाजारातून हळूहळू चाला, फुलं गळतील.

तुमच्या मागून चालणारी,
रुख्मिणी