कामट्यांची खोली आणि भाऊजींची नजर

ती. ताईस,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या खेपेला सांगितलं होतंस, पण माझं लक्ष नव्हतं. माझ्या कारखान्याची जादा किल्ली तुमच्या खिळ्यावर असते ना, तिच्याकडे तेव्हा भाऊजी टक लावून बघत होते. त्यांची तब्येत उत्तम असेलच. (माझ्यावर पाळत ठेवून दमले नसतील तर.)

मी बांबूच्या कामट्यांच्या चौकटी करतो हे तू जाणतेसच. सगळ्या एकाच मापाच्या, कुठलीही कुठेही बसते. जोडल्या की खोली तयार, सोडवल्या की टेम्पोत भरून न्यायची. आज संध्याकाळी एका शाळेच्या मुख्याध्यापिका नमुन्याची खोली बघायला येणार आहेत. पसंत पडली तर वाचनाच्या अशा खोल्या करण्यात माझं वर्ष निघेल, नाही पडली तर कारखान्याला कुलूप. सगळी मदार माझ्या सांध्यावर आहे. त्यात खिळा नाही, दोरी नाही. कोरडी खुंटी ठोकायची आणि तिच्यावर पाणी शिंपडायचं. ती फुगते आणि जागची हलत नाही. सोडवायची तर वाळू द्यायची आणि उलट्या बाजूने ठोकायची.

हा सांधा भाऊजींना हवाय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्या माणसाचं खुर्च्यांचं दुकान आहे, तो माझं स्टूल उलटं करून पाय का तपासतो? (डुगडुगतंय म्हणाले. माझं स्टूल कधीही डुगडुगत नाही.) जाताना एक खुंटी खिशात टाकली, आणि विचारलं तर म्हणे दात कोरायला. ताई, ती खुंटी अंगठ्याएवढी जाड आहे! आज तर सकाळपासून त्यांचे मला फोनवर फोन चाललेत. समोरच्या शिवणवाल्या बाईही त्यांना सामील असाव्यात. त्यांनी आजच नेमकं मशीन माझ्या खिडकीकडे तोंड करून ठेवलंय.

म्हणून शेवटची चौकट मी कारखान्याच्या दाराला आतून कुलूप लावून, एकट्याने बसवली. खुंट्यांची डोकी बाहेरून दिसू नयेत म्हणून त्या आतल्या बाजूने ठोकल्या आणि वर सढळ हाताने पाणी मारलं. भाऊजींनी आता खुशाल यावं आणि डोळे फाडफाडून बघावं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खुंट्या आतून ठोकायच्या तर ठोकणाऱ्यालाही आत असावं लागतं. मी आहे. खोलीच्या दाराच्या चौकटीचा रंग वाळायचा होता, म्हणून तिथेही साधीच चौकट बसवली होती. खुंट्या उद्यापर्यंत वाळायच्या नाहीत, करवत बाहेर राहिली, आणि फोन टेबलावर वाजतोय. शिवणवाल्या बाईंना हाक मारली तर त्या येऊन सांधा बघतील. तेव्हा हे पत्र फटीतून खिडकीबाहेर टाकतो, त्या तुझ्याकडे पोचवतीलच. ताई, मुख्याध्यापिका यायच्या आत भाऊजींना किल्ली देऊन पाठव. डोळे मिटून ये म्हणावं.

ता. क. २. पत्र टाकणार तेवढ्यात भाऊजी स्वतःच खिळ्यावरची किल्ली घेऊन आले. मी फोन उचलत नाही म्हणून घाबरून, चपला उलटसुलट घालून धावत आले होते. खुंट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्टुलावर चढून छपराची चौकट उचलली (तिला खुंट्या मारायच्या राहिल्या होत्या, आणि वर बघायचं मला सुचलं नाही) आणि हात देऊन मला बाहेर ओढलं. स्टूल थोडं डुगडुगलं. फोन कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "तू सकाळपासून उपाशी असशील म्हणून तुझी ताई डबा पाठवत होती." खरं सांगतो, मला भरून आलं. मग त्यांनी मुख्याध्यापिका येण्याआधी खोली झाडून दिली.

हे पत्र त्यांच्याच हाती देतोय, पाकीट नीट चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर लगेच कळव. आणि जसंच्या तसं मिळालं, तर जास्तच सावध राहा. एवढा सरळ माणूस मी आजवर पाहिलेला नाही.