भिंतीकडेचं मीठपाणी

१२ एप्रिल, शनिवार

आज परत! सकाळी सातला हंसा मागच्या दारी हजर. हातात बादली, मुठीत जाडं मीठ. माझ्या मोरीच्या भिंतीला लागून फूटभर खड्डा आहे. त्यात मीठ टाकलं, वर बादली रिकामी केली आणि चालती झाली. जाऊ असली म्हणून काय झालं? घर वाटून दोन वर्षं झाली, बोलणं बंद, तरी हिची वाट माझ्याच भिंतीशी. पलीकडे हिचा अर्धा भाग आहे ना, तिकडे ओत की.

नवऱ्याला, मितेशला सांगितलं. "बाबा पण घालायचे काहीतरी तिथे," म्हणाला आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. सासरे गेल्यापासून हे काम हिने धरलंय. मीठ, शनिवार, दुसऱ्याची भिंत — मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१५ एप्रिल

नायगाव स्टेशनजवळून सिमेंट आणलं. खड्डा बुजवला. वर गुळगुळीत लेप.

१९ एप्रिल, शनिवार

हंसा बादली घेऊन आली आणि लेप बघून उभीच राहिली. मग दार वाजवलं — दोन वर्षांत पहिल्यांदा. "बुजवलास कशाला? तारेला पानी लागतं उन्हाल्यात," म्हणे. तारेला काय तहान लागते? म्हटलं, तुमची करणी तुमच्या अंगणात करा. दार लावून घेतलं. फार बरं वाटलं.

४ मे

वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. मितेश म्हणाला, "चप्पल घाल." घातली. मुंग्या गेल्या. झाली यांची दुरुस्ती.

९ मे

आता फ्रिजलाही! टेस्टर लावला तर नुसत्या पत्र्यावर दिवा लागतो. "रविवारी बघतो," इति मितेश. त्याचे रविवार मला माहीत आहेत.

सगळं त्या सिमेंटनंतरच सुरू झालंय, हे माझ्या लक्षात आलंय. मीटर सामाईक ओटीवर, कुणीही हात घालावा. हिनेच सूड उगवलाय. विचारायला जाणार नाही. तिला तेच हवंय.

१३ मे



रुचिता आंघोळ करून ओल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात आली. थंड पाण्यासाठी फ्रिजचं हँडल धरलं आणि हात सुटेना. सात वर्षांची पोर, तोंडातून आवाज फुटेना. मी किंचाळत धावले. ओटीवर हंसा सुकट निवडत होती. "हात नको लावू तिला! मेन पाडते!" — माझ्या पोरीला मी हात लावायचा नाही? तरी पाऊल थबकलं, कसं ते कळलं नाही. खटका पडला, पंखा थांबला, रुचिता खाली कोसळली.

बोटं भाजलीत. डॉक्टरांनी ईसीजी काढला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. झोपलीये. दर पाच मिनिटांनी तिच्या नाकाशी हात धरून बघते.

१४ मे

कॉन्रॅडअंकल आले. या घराचं वायरिंग त्यांचंच. फ्रिजमागची वायर उंदराने कुरतडली होती, ती पत्र्याला लागत होती. "पण एवढा झटका कसा बसला? करंट जमिनीत जायला पायजे," म्हणाले आणि मागच्या दारी गेले. "अर्थिंगचा खड्डा कोणी बुजवला?"

मी, म्हटलं.

आत तांब्याची पट्टी पुरलेली आहे. माती कोरडी पडली की तिचा उपयोग नाही, म्हणून उन्हाळ्यात मीठ आणि पाणी घालायचं. "तुझ्या सासऱ्याला, नथूभाऊला मीच सांगितलं होतं. त्याने हंसाला." मितेशला झापलं, मुंग्या आल्या त्याच दिवशी मेन बंद करून बोलवायचं नाही का! लेप फोडला. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच शनिवारी बसवतो म्हणाले.

मला तरी हंसाचा रागच आलाय. नीट फोड करून सांगता येत नव्हतं? आणि उपकार कसले? खड्डा तिच्याही घराचा, स्वतःच्या जिवासाठीच ओतत होती.

१७ मे, शनिवार

अंकल स्विच बसवून गेले. जाता जाता म्हणाले, वाटणी झाली तेव्हाच हंसाचं अर्थिंग त्यांनी वेगळं केलं, पलीकडे, तिच्या अंगणात. दोन वर्षं हा खड्डा फक्त आमचा होता.