चपलांचा फोटो

बाबा, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा मोबाइल आणि कॉम्प्युटर पोलिसांनी जप्त केले, त्याला आज पाच आठवडे झाले. कळवलं मी. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे सांगावंसं वाटतंय ते तुम्हालाच.

गणपतीच्या दिवशी आरतीला माझ्या एश्बॉर्नच्या ऑफिसातले, फ्रँकफर्टचे, सगळे आपले लोक आले होते. दाराबाहेर तीसेक जोड चपला-बूट. इथे जर्मनीत जिन्यात काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि चपला घालून आरतीला आत यायचं नाही हा आपला. म्हाताऱ्याने येऊन सांगितलं असतं तर मी माफी मागून सगळं आत घेतलं असतं. त्याने फोटो काढला, आमच्या भागाच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, किडे वाढलेत, फवारणीवाल्याला बोलवा. माझ्या लेकीने तो वाचला. ती जर्मनमध्येच विचारते हल्ली, "पापा, किडे म्हणजे आपण?"

द्वेषाचं असं काही दिसलं तर कळवायला इथे सरकारमान्य फॉर्म आहे. नाव द्यायची सक्ती नाही. तिथून ते पोलिसांकडे जातं. मी नाव दिलं नाही.

शाळेतली तुमची तक्रारपेटी आठवते. शेजारी बसणाऱ्या पोराने आईवरून काहीबाही म्हटलं, म्हणून मी त्यात बिननावाची चिठ्ठी टाकली होती. अक्षर तुम्ही ओळखलंत. संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई भाकऱ्या थापत असताना, चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "खाली नाव घाल, मग त्याला बोलावतो." मी घातलं नाही. "मग उद्याही तो तुझ्याच शेजारी बसेल," म्हणालात आणि जेवायला बसलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, तुम्ही गुरुजी होतात, तुम्हाला सोपं होतं. इथे नाव देणाऱ्याच्या पत्रपेटीत कोण काय टाकेल सांगता येत नाही.

पण पोलीस आले त्या सकाळपासून बिल्डिंग गप्प आहे. ग्रुपवर आता कचऱ्याच्या डब्यांशिवाय कोणी काही लिहीत नाही. तळमजल्यावरची बाई भाडेवाढीवरून सरकारला रोज शिव्या घालायची, तिने सगळं पुसून टाकलं. सरकारला शिव्या देणं गुन्हा नाही, हे तिला कोण सांगणार? मीही व्हिसा ऑफिसवर चिडून काही लिहायला बसलो, तर बायको म्हणाली, "नागरिकत्वाचा अर्ज त्यांच्याकडे आहे, तू गप्प बस." बसलो. तोंड बंद व्हावं असं मला एकाचंच वाटत होतं.

गेल्या शनिवारी म्हाताऱ्याने बेल वाजवली. त्याच्या लेकीचा नंबर जप्त झालेल्या मोबाइलमध्ये होता, आता जुन्या डायरीत तो सापडला होता, तुमच्या फोनवरून लावून द्या म्हणाला. मी लावून दिला, चहाही दिला. जाताना म्हणाला, "आल्झो, म्हणजे, ते मी तुमच्याबद्दल नव्हतं लिहिलं." फोटोत माझ्या बायकोची कोल्हापुरी सगळ्यांत पुढे होती, बाबा. मग विचारलं, "कोणी कळवलं असेल?" मी म्हणालो, माहीत नाही. "तुम्ही नाही, तुम्ही समोर येऊन बोलला असता," असं म्हणून तो कठडा धरून जिना चढून गेला.

त्याने लिहिलं ते घाणच होतं, पुन्हा लिहिलं तर मी पुन्हा कळवेन. तुम्हाला हे पटणार नाही, आणि पटवून द्यायला तुम्ही नाही, म्हणून कागदाची इथेच घडी घालतो. एक तेवढं राहिलं. त्या सकाळी पोलीस त्याचं सामान घेऊन उतरत होते आणि तो पायजम्यावर, अनवाणी त्यांच्या मागे जिन्यात उभा होता, तेव्हा मी दाराच्या भिंगातून बघत होतो. मला फार बरं वाटलं, बाबा. ते खाली जाईपर्यंत मी तिथून हललो नाही.